माहीत नाही, मॅडम

सकाळी सातची गाडी असली की आमच्याकडे माणसं सहालाच फाट्यावर येऊन बसतात. गाडी कधी वेळेआधी येत नाही, तरी बसतात. त्या दिवशी आई आणि मी तशाच बसलो होतो. माझ्या पायाशी पत्र्याची पेटी, तिच्यावर दोरीने आवळलेली गोधडी, आणि हातात खुरासणीच्या चटणीचा डबा. बाबा भाताच्या आवणीत, रोपं लावण्यात अडकलेले, त्यांचा निरोप मी आदल्या दिवशी बांधावरच घेतला होता. मी अठरा वर्षांची, आश्रमशाळेतून बारावी झालेली, आणि नाशिकला बी.ए. करायला निघालेली. आईने बाटलीत भरून आणलेला चहा तिचं लक्ष नसताना मी गवतात ओतून दिला.

गाडी वळणावर दिसली तेव्हा आईने माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. म्हणाली, “तिथं आपली बोली काढू नको, जया. हसतील. घरी आली का मंग बोल पोटभर.”

सुरगाण्याच्या बाजूला आम्ही घरात कोकणी बोलतो. गोव्याकडची नव्हे, आमची डोंगरातली. गावाकडचं बोलणं मी इथे जरा मराठीकडे वळवून लिहितेय, म्हणजे वाचणाऱ्या सगळ्यांना कळेल. आणि बघा, हे असं वळवून घेणं मी त्या दिवसापासूनच सुरू केलं. शहरात पोरी हरवतात, रस्ता ओलांडताना गाडीखाली येतात, असलं काहीबाही मी ऐकलेलं होतं, पण मला त्याची धास्ती नव्हती. मला धास्ती होती ती माझ्याच तोंडाची. ते कधी उघडेल आणि त्यातून काय बाहेर पडेल, याचा भरवसा नव्हता.

हे आज लिहायला बसले त्याला कारण आहे. शिक्षणाचं काम करायला परदेशी जाण्यासाठी मी एक अर्ज केला होता. त्यात एक रकाना होता, तुमची पार्श्वभूमी आणि या कामामागची प्रेरणा लिहा म्हणून. मी तो भरला, माझी निवडही झाली. पण रकान्यात मावेल एवढंच तिथे लिहिलं. उरलेलं तुमच्यासाठी, जे गावात राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे पेटी घेऊन कुठे कुठे गेलात त्यांच्यासाठीही.

नाशिकला सीबीएसच्या स्टँडवर उतरले तेव्हा रिक्षावाल्याला पत्ता सांगायचं वाक्य मी मनात दहा वेळा घोळवलं होतं. तरी ते तोंडातून बाहेर पडताना अडखळलंच. त्याने काही मनावर घेतलं नाही, त्याला रोज तसल्याच पोरी भेटत असणार. हॉस्टेलवर माझ्या खोलीत देवळाली कॅम्पची पूजा होती. तिचे वडील फौजेत, त्यांची बदली झाली तरी ही कॉलेज पुरं करायला इथेच थांबलेली. पाच छावण्यांत वाढलेली ती मुलगी, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलायची, दोन्ही चुकीच्या, आणि तिला त्याचं काडीचं वाटायचं नाही. मला तिचा हेवा वाटायचा, आणि भीतीही.

मी कमी बोलायला लागले. आमच्याकडे ‘आहे’ला ‘आहा’ म्हणतात. तेवढा एक काना माझ्या जिभेवरून जाता जात नव्हता. दुकानात साबण मागतानाही मी ‘आहे का’ आधी मनात म्हणून बघायची. कोणी गाव विचारलं की दिंडोरी साइडची म्हणायचं, म्हणजे फारसं खोटंही नाही आणि पुढचा प्रश्नही येत नाही. वर्गात सगळे म्हणायचे, जया स्वभावाने शांत आहे. मी शांतबिंत काही नव्हते. गावात मी बोलायला लागले की आई कानावर हात ठेवायची.

आईचा फोन रविवारी यायचा. तो घ्यायला मी जिन्याखाली, पाण्याच्या मीटरपाशी जाऊन उभी राहायची, तोंडावर ओढणी धरून. पूजाला वाटायचं माझं कुठेतरी प्रकरण आहे. मी तिचा गैरसमज तसाच राहू दिला. बॉयफ्रेंड असणं एक वेळ खपलं असतं, बोली असणं मला खपवून घेता येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात एका संस्थेची माणसं आली. खेड्यापाड्यांतल्या मुलांना वाचता येतं का, याची पाहणी करायची होती आणि त्यासाठी स्वयंसेवक हवे होते. मी नाव दिलं. समाजसेवेची ओढ वगैरे नव्हती, प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि नाव न देणाऱ्यांना सर कारण विचारत होते. मला कारण सांगायची भीती वाटली.

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. नियम सोपे होते. मुलाला पाच शब्दांचा कागद द्यायचा. छापलंय तेच म्हटलं तर बरोबर. मध्ये बोलायचं नाही, सुचवायचं नाही, मान हलवायची नाही. पाचातले चार आले तर पुढचा परिच्छेद द्यायचा, नाही आले तर ‘फक्त अक्षरं’ या चौकोनात खूण करायची. पुण्याच्या एक मॅडम आमच्यावर देखरेखीला होत्या. चांगल्या होत्या. मुलांशी बोलताना त्या खाली मांडी घालून बसायच्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांना दोष देण्यासारखं फारसं काही नाही.

गावांची यादी वाटली तेव्हा माझ्या वाट्याला माझाच तालुका आला, आणि शेवटच्या दिवशी माझ्या मामाचा पाडा. ओळखीतलं गाव असेल तर सांगा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी हात वर केला नाही. हात वर केला असता तर मी कुठली आहे ते चाळीस जणांना कळलं असतं.

मामाच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. मामाने मला बघितलं, हसला, आणि मी नुसती मान हलवल्यावर तोही गप्प झाला. त्याला वाटलं असेल सरकारी कामाची काही रीत असेल. त्याची मुलगी यमुना तेव्हा नऊ वर्षांची होती. सुट्टीत मी गावी गेले की ती माझ्या पाठीला चिकटलेली असायची. माझी जुनी पुस्तकं तिने पाठ केली होती. तिला वाचता येतं की नाही हे तपासायला कागदाची काही गरजच नव्हती. पण मी समोर बसले, कागद तिच्या हातात दिला, आणि मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

पहिला शब्द घर. तिने वाचला. दुसरा पाणी. तोही वाचला. तिसरा शब्द होता नाचणी.

यमुनाने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “नागली.”

नाशिकच्या डोंगरात नाचणीला नागलीच म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. मी आता जिथे राहते तिथे तिला विंबी म्हणतात, आणि सकाळी शाळेत मुलांना तिचीच पेज देतात. मामाच्या अंगणात तर त्या दिवशी नागलीची कणसं वाळत घातलेली होती, आमच्यापासून दोन हातांवर. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

चौथा शब्द विस्तव. यमुना म्हणाली, “इस्तू.” आणि हसली. तिचं ते हसणं ओळखीचं होतं, आम्ही दोघी मिळून कुणाची तरी गंमत करतोय असं. पाचवा शब्द तिने बरोबर वाचला. पाचातले तीन.

मॅडमनी वाकून मला विचारलं, “नागली म्हणजे काय गं?”

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं की नाचणी. एक शब्द. पण तो म्हटला असता तर पुढे आलं असतं, तुला कसं माहीत, तू इकडची का, ही तुझी कोण. मी म्हणाले, “माहीत नाही, मॅडम.”

मामा खांबाला टेकून उभा होता. त्याने ऐकलं. ज्या पोरीने त्याच्याच घरी नागलीची भाकरी खाऊन दात पाडले आणि नवे दात आणले, ती नागली माहीत नाही म्हणाली. यमुनाने कागद माझ्या हातात परत दिला. मी ‘फक्त अक्षरं’ या चौकोनात खूण केली. खूण करताना पेन नीट उमटलं नाही म्हणून पुन्हा गिरवली, एवढं मला स्पष्ट आठवतं. मग नियमाप्रमाणे मॅडमनी मामाला तो कागद दाखवला आणि गोड आवाजात सांगितलं की हिला अजून शब्द वाचता येत नाहीत, घरी रोज वाचून घेत चला. मामाने मान डोलावली.

त्या संध्याकाळी जीपमधून परतताना सगळे गाण्यांच्या भेंड्या खेळत होते. मी खिडकीशी डोळे मिटून बसले. कुणी विचारलं तर म्हणाले, घाट लागतो.

दिवाळीनंतर आईचा फोन आला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली की मामा यंदा यमुनेला बरोबर घेऊन गेलाय, द्राक्षाच्या कामाला. दरवर्षी आमच्याकडची माणसं भात-नागली उरकली की टोळ्या करून खाली दिंडोरी-निफाडच्या बागांत जातात आणि उन्हाळ्यापर्यंत तिकडेच राहतात. मामा-मामी जायचे तेव्हा यमुना माझ्या आईकडे राहायची, शाळा बुडू नये म्हणून. यंदा आईने तिला ठेवून जा म्हटलं, तर मामा म्हणाला, वाचता येत नाय असं लिहूनच दिलंय, मंग ठेवून काय करायचं, तिकडं धाकट्याला तरी सांभाळेल. आईला ते कुणी लिहून दिलं हे ठाऊक नव्हतं. मामाने तिला माझं नाव सांगितलं नव्हतं.

मी जिन्याखाली उभी होते. पहिल्यांदाच ओढणी तोंडावर धरायची विसरले.

तीन रविवार मी नुसती घाबरून काढले. चौथ्या रविवारी दिंडोरीची गाडी पकडली. बागेचा पत्ता आईकडून घेतला होता. विचारत विचारत पोचले तेव्हा टोळी वेलींमध्ये होती, घडांची विरळणी चालली होती. कडेला प्लास्टिक आणि खताच्या गोण्या जोडून केलेली झोपडी, आणि तिच्या सावलीत यमुना धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली. तिने मला अजून बघितलं नव्हतं. भावाला रमवायला ती दारावरच्या गोणीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होती. कोरड्या जागी ठेवा. उन्हापासून जपा. लहान मुलांपासून दूर ठेवा. एकही शब्द न अडखळता. आणि प्रत्येक वाक्याला भावाच्या नाकाला बोट लावत होती, तसा तो हसत होता.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. खरं सांगते, वळलेच होते. मामानेच हाक मारली.

मामाला मी बांधावर बसून सांगितलं की माझं चुकलं. तिला वाचता येतं, मी लिहिलं ते चूक होतं, तिला आईकडे पाठव, मी आत्ता घेऊन जाते. तो ऐकून घेत होता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खरोखरच्या गोंधळात पडला होता. म्हणाला, “तू लिहून दिलं ते खरं, का आता बोलते ते खरं?” मी म्हटलं, आता बोलतेय ते. त्याने हातातली कात्री बांधावर ठेवली. मग म्हणाला, “बोललेलं काय, वाऱ्यानं जातं. लिहिलेलं आमी कसं मोडायचं, जया? तूच तर आमच्यात लिहिणारी.”

मी एकटीच परत आले. इतकी भीती मला आजवर कधी वाटली नव्हती. तोवर मी लोकांना घाबरायची, हसतील, नावं ठेवतील म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःच्या हाताची भीती वाटली. एका चौकोनात एक खूण, आणि ती आता माझ्याही शब्दाने पुसली जात नव्हती.

संस्थेचं नाशिकचं ऑफिस आमच्या हॉस्टेलपासून चालत दहा मिनिटांवर. मी दोनदा पायऱ्यांपर्यंत जाऊन परत आले. एकदा तर शिपायाने विचारलं, कुणाला भेटायचंय, आणि मी चुकून आले म्हणाले. शेवटी आढावा बैठक लागली. सगळे स्वयंसेवक एका हॉलमध्ये, मॅडम समोर. कुणाला काही सांगायचंय का, असं त्यांनी शेवटी विचारलं, चहा येईपर्यंतचा वेळ भरून काढायला विचारतात तसं. मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली की ती खुर्ची हलली आणि तिच्यावरच्या मुलाने मागे वळून बघितलं.

मी म्हणाले, “मॅडम, नागली म्हणजे नाचणी. विस्तवाला आम्ही इस्तू म्हणतो. ती माझी मामेबहीण आहे, तिला वाचता येतं. मला सगळं माहीत होतं.”

कोणी हसलं नाही. एवढी दोन वर्षं जपलेली भीती, आणि कोणी हसलंच नाही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत. आकडे पुढे गेलेत, ते आता बदलता येणार नाहीत, असं म्हणाल्या. आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो त्यांच्या दृष्टीने साधा होता. त्या आठवड्यात तू आणखी किती मुलांना असं तपासलंस?

मी यमुनाचाच विचार करत होते, कारण ती माझी होती. बाकीच्या पाड्यांवरची मुलं माझ्या डोळ्यांसमोर येईनात. त्यांच्यातही कुणी वेगळा शब्द म्हटला असेल, कुणी माझ्याकडे बघून हसलं असेल, आणि मी नियमाने खूण करून पुढच्या घरी गेले असेन. त्यांची नावं मला आजही आठवत नाहीत. रात्री झोप येत नाही वगैरे मी म्हणणार नाही, झोप येते. पण कुठल्याही वर्गात शिरताना मी आधी दारात थांबते, ते तेव्हापासूनचं.

त्यानंतरच्या जूनमध्ये मॅडम माझ्याबरोबर मामाकडे आल्या आणि त्यांनी नवा कागद लिहून दिला. यमुना शाळेत गेली. पण हंगामात पुन्हा बागेवर, मग पुन्हा काही महिने शाळा, असं करत करत चौथीनंतर तिची शाळा सुटली. सगळं माझ्या त्या खुणेमुळेच झालं असं म्हणणं हाही एक मोठेपणाच झाला. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंतच होती, मामी आजारी पडली, अशी बरीच कारणं होती. पण पहिल्यांदा तिला झोपडीच्या दारात नेऊन बसवलं ते माझ्या कागदाने.

बी.ए. झाल्यावर मी त्याच संस्थेत नोकरीला लागले. काम काय, तर पाड्यापाड्यांवर जायचं, बायकांशी आणि शिक्षकांशी बोलायचं, आणि पुस्तकातल्या प्रत्येक शब्दाशेजारी मुलं घरी काय म्हणतात ते लिहून ठेवायचं. पुढच्या पाहण्यांत तपासणाऱ्याच्या हातात ती यादी असायची. मूल नागली म्हणालं तर थांबायचं, विचारायचं, मग ठरवायचं. एक गुरुजी मला म्हणायचे, ताई, असं केलं तर ही पोरं शुद्ध बोलायची कधी? मी त्यांना सांगायची, मी शिकले ना, पण शिकताना बाकी सगळं बोलायचं विसरले. बैठकांत मी हे धीटपणे सांगायची. सांगताना टेबलाखाली माझा पाय हलत असायचा, तो कुणाला दिसायचा नाही.

मग तो परदेशातला अर्ज. पहिला मसुदा मी असा लिहिला की वाचून मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वंचितांच्या उत्थानाची तळमळ, ज्ञानाची ज्योत, सगळं होतं त्यात. पूजाला पाठवला. ती आता पुण्यात नोकरी करते, अजूनही दोन्ही भाषा चुकीच्या बोलते. तिचा लगेच फोन आला. “जया, ये किस नेता का भाषण है? तू कुठे आहेस यात?”

दुसऱ्यांदा मी खरं लिहिलं. मला तळमळ वगैरे किती आहे ते माहीत नाही, मला भीती आहे, असं लिहिलं. परीक्षा घेणारा माणूस घाबरलेला असेल तर मूल नापास होतं, आणि हे मी स्वतः केलेलं आहे. पाठवून दिल्यावर आठवडाभर देवाला सांगत होते की नको होऊ दे निवड. झाली. केनियात, एका तलावाकाठच्या जिल्ह्यात, जिथे मुलं घरी एक भाषा बोलतात, बाजारात दुसरी आणि परीक्षा तिसरीत देतात.

निघायच्या आधी गावी गेले. मामाच्या अंगणात यमुना मोहाच्या बिया फोडत बसली होती. सोळा वर्षांची झाली होती, माझ्यापेक्षा उंच. बागेवरच्या टोळीत फवारणीच्या औषधांच्या बाटल्या तीच सगळ्यांना वाचून दाखवते, कुठलं किती घ्यायचं, हाताला काय बांधायचं ते. बाहेरून दहावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा असतो, हे मी तिला दोनदा सांगून झालं होतं. बघू म्हणायची. मी तिच्याशेजारी बसले. इतक्या वर्षांत मामाला सांगितलं होतं, मॅडमना सांगितलं होतं, अर्जात परक्या माणसांना सांगितलं होतं. तिला मात्र कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, आपल्या बोलीत म्हटलं, की त्या दिवशी तू बरोबर होतीस. तुझ्या डोक्यात घरचा शब्द आधी आला, मुलांचं तसं होतंच, आणि मला ते कळत असून मी तुला चूक ठरवलं. मी घाबरले होते.

तिने दगडाने एक बी फोडली, टरफल बाजूला केलं. म्हणाली, “घाबरली व्हतीस ते दिसलंच, आक्का. पण माझ्या डोक्यात नाय आलं काय आधी. नाचणी लिहिलंय ते माला वाचता आलं व्हतं. त्या मॅडमनं विचारलं असतं तर नाचणीच म्हणाले असते.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “विचारणारी तू व्हतीस. मंग तुला काय नाचणी म्हणायचं?”

इतकी वर्षं मी जिथे तिथे समजावत आले की मुलं घरच्या भाषेत अर्थ लावतात, म्हणून त्यांची चूक चूक नसते. ते खरंही आहे, पुष्कळ मुलांच्या बाबतीत. यमुनाचं तसं नव्हतं. तिने छापलेला शब्द वाचला होता, बाजूला ठेवला होता, आणि मी तिची होते म्हणून मला आमचा शब्द दिला होता. तो घेऊन मी म्हणाले होते, माहीत नाही.

मला रडू आवरलं नाही. तिने रडू दिलं. मामीने आतून विचारलं काय झालं, तर म्हणाली, काय नाय, आक्काला विमानाची भीती वाटते. तेही खरंच होतं.

आता इथे येऊन पाच महिने झाले. भीती गेली असेल असं वाटून काही जण फोनवर माझं कौतुक करता. गेलेली नाही. दार वाजलं की दचकते, इंग्रजी बोलायच्या आधी अजून वाक्य मनात म्हणून बघते, आणि वर्गात एखादी मुलगी कागदावरून मान वर करून माझ्याकडे बघते तेव्हा माझं पेन हातातच राहतं. शेजारी बसलेल्या इथल्याच बाईंना विचारते, ही काय म्हणाली? त्या सांगतात. मग लिहिते.

तुम्ही विचारता, तिकडे घरासारखं वाटतं का? इथली झाडं, इथल्या हाका, माणसं कशाने रागावतात आणि कशाने हसतात, कोणी काहीही विचारलं की मी मोकळेपणाने सांगते, माहीत नाही. आणि ते खरं असतं, त्यामुळे जिवाला जरा आराम पडतो. पण म्हणूनच हे घर नाही. घर ते अंगण, जिथे मला सगळं माहीत होतं. तिथे परत जायची मला विमानापेक्षा जास्त भीती वाटते, कारण यमुना समोर बसून मला काहीतरी विचारेल, आणि या वेळी मला उत्तर द्यावं लागेल. जायचंय तेही त्याचसाठी.